खारीकचा कान

"तिचा कान बघ," सबिहाआपा म्हणाली.

राजेश्वरीने पाहिलं. रिंगणाच्या मधोमध मुस्तफाभाई उभे होते, हात पुढे करून, रहदारी अडवणाऱ्या हवालदारासारखे. ती स्वतः जराशी फाटकाबाहेर आली होती. चाऱ्याचा टेम्पो आत यायचा होता आणि तिची स्कूटर वाटेत होती, एवढंच निमित्त. आतापर्यंत शहाण्यासारखी दुडक्या चालीने गोल फिरणारी खारीक तेवढ्यात मधेच उभी राहिली होती. मुस्तफाभाई "चल बेटा, चल चल" म्हणत होते, जिभेने टकटक करत होते, हातातला दोर हलवत होते, आणि घोडी त्यांच्याकडे पाठ करून कठड्यावरून फाटकाकडे बघत होती. फाटकाकडे म्हणजे राजेश्वरीकडे. राजेश्वरीने स्कूटर डावीकडे ढकलली तसे घोडीचे दोन्ही कान डावीकडे वळले. ती थांबली, कान थांबले. मग तिने काही कारण नसताना नुसता सुस्कारा टाकला, तर घोडीनेही मान खाली घालून ओठ चाटले. घोडा ओठ चाटतो तो ऐकलं, पटलं असं सांगायला. हे राजेश्वरीच दर रविवारी नव्या लोकांना समजावून सांगत असे.

"इतके दिवस मुस्तफाभाई घोडी फिरवत नव्हते, राजू," सबिहाआपा कठड्यावर कोपर टेकून म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तू फिरवत होतीस. त्यांच्या मागे उभी राहून. मला पण आज कळलं."

राजेश्वरी हसली. कानकोंडं झालं की माणूस हसतं तसं. पण ते वाक्य तिच्या अंगात कुठेतरी जाऊन बसलं आणि दुपारभर तिथून हललं नाही. ती खोगीरं पुसत होती, बादल्या भरत होती, नव्या लोकांना 'घोड्याच्या समोरून नको, खांद्याकडून जा' असं सांगत होती आणि स्वतःचेच खांदे तिला परके वाटत होते. हे आत्ता वर झाले का? आत्ता खाली? आपण श्वास धरला का? इतकी वर्षं जे शरीर घेऊन ती ऐरोलीच्या ऑफिसात जात-येत होती, ते तिच्या परवानगीशिवाय बोलत होतं, आणि रस्त्यावरच्या, बसमधल्या, घरातल्या कुणालाही न कळणारी त्याची भाषा एका वरातीच्या घोडीला तोंडपाठ होती. लाज वाटत होती हे खरंच. पण लाजेच्या तळाशी एक लहानसा आनंद दडून बसला होता, आणि त्याची तिला जास्त लाज वाटत होती. खारीक माझ्याकडे बघत होती. सगळ्यांना सोडून माझ्याकडे.

द्रोणागिरीला गोदामांची रांग संपते आणि जुन्या मिठागराचा बांध सुरू होतो, तिथे सबिहाआपाची ही जागा. पलीकडे कांदळवन, अलीकडे कंटेनर घेऊन उभे असलेले ट्रेलर, आणि मधे पाच घोडी बांधायचं पत्र्याचं छप्पर आणि एक गोल रिंगण. सबिहाआपा मूळची उरणची. बँकेतली नोकरी वेळेआधी सोडून तिने हा उद्योग मांडला तेव्हा तिच्या घरच्यांनी डोक्याला हात लावला होता. आठवडाभर ती हौशी लोकांना घोड्यावर बसायला शिकवी, पण तिचा जीव होता तो रविवारच्या कोर्सात. 'नॅचरल हॉर्समनशिप' असं इंग्रजी नाव फलकावर होतं, समजवताना ती म्हणे, "घोड्याला जबरदस्ती न करता आपलं म्हणणं पटवून देणं. नवऱ्याला पटवतात तसं नाही, खरंच पटवणं." चाबूक नाही, तोंडात लोखंड नाही. आधी जमिनीवर उभं राहून शिकायचं. थोडा दाब द्यायचा, आणि घोड्याने नुसता विचार जरी केला तरी दाब काढून घ्यायचा. घोडा दाबातून शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणातून शिकतो. राजेश्वरी या कोर्सात मदतनीस होती. त्या बदल्यात दर रविवारी सकाळी, लोक यायच्या आधी, आपा राजेश्वरीच्या घोडेस्वारीवर मेहनत घेई. ती मेहनत भरपूर लागत होती. राजेश्वरीचे हात जड, नजर सारखी खाली, मांड्या चिमट्यासारख्या आवळलेल्या. चव्वेचाळिसाव्या वर्षी काही शिकायला घेतलं की शरीर आधी जुनी सगळी बिलं पुढे करतं.

खारीक इथली नव्हती. बाबासो नावाच्या बँडवाल्याकडे ती बारा गावच्या नवरदेवांना मिरवून थकली होती. ढोल-ताशाच्या आवाजाला दचकायला लागली, एकदा उधळली, आणि त्याने ती चार महिन्यांसाठी सबिहाआपाकडे आणून सोडली. मुस्तफाभाई तिला घेऊन जायला तयार होते. न्हावा-शेव्याच्या बंदरात जन्मभर माल सोडवण्याचं काम करून निवृत्त झालेले, जाड, मोठ्या आवाजाचे, बायको गेल्यापासून जरा जास्तच बोलणारे गृहस्थ. श्रीवर्धनकडे त्यांची वाडी होती आणि वाडीत एक म्हातारा घोडा एकटाच उभा राहून झुरत होता. बाबासो ना म्हणत नव्हता, पण त्याची एक अट होती, आणि ती काही चुकीची नव्हती: "घोडी तुमच्या हातात ऱ्हात आसंल तर न्या. ऱ्हात नसंल तर उद्या तुमाला पाडंल, आन् नाव माजं हुईल." तुळशीची लग्नं लागली की माणसांचीही सुरू होतात. त्याच्या आधीच्या रविवारी तो येऊन बघणार होता. मुस्तफाभाईंच्या हाताला खारीक लागली तर ती नारळी-पोफळीत जाणार, नाही तर परत झुली, दिवे आणि फटाके. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुस्तफाभाईंचं तिच्याशी छान जुळलंय असं आजपर्यंत सगळे समजत होते.

"मॅडम, टेन्शन घेऊ नका," निघताना मुस्तफाभाई तिला म्हणाले, पण त्यांचा चेहरा पडला होता. "मला वाटायचंच. एवढी शानी घोडी, आनि माझं कशाला ऐकेल? घरात पन माझं कोन ऐकत नव्हतं." आणि ते स्वतःच मोठ्याने हसले.

पुढचा रविवार आला तेव्हा आपाने राजेश्वरीला रिंगणाबाहेर ठेवलं. घोडी फाटकाकडे बघत राहिली. तिला छपरामागे पाठवलं, तर घोडी छपराकडे तोंड करून खिंकाळली. जवळ उभी राहा पण काही करू नकोस असं सांगितलं, तर राजेश्वरी काही न करण्याचा इतका प्रयत्न करायला लागली की घोडी बावरून गोल गोल फिरली. "तू काही न करणं पण जोर लावून करतेस," आपा म्हणाली.

आठवडा गेला. ऐरोलीच्या सातव्या मजल्यावर राजेश्वरी कानाला हेडफोन लावून बसत असे आणि नव्या मुलामुलींचे विम्याचे कॉल ऐकत असे. अडखळलं कोणी की तिने त्यांच्या पडद्यावर उत्तर टाईप करायचं, अशी पद्धत होती. अडखळल्यावर. तिने या आठवड्यात प्रथमच लक्ष दिलं तेव्हा तिला दिसलं की तिचं उत्तर अडखळण्याच्या आधीच पोचलेलं असतं. श्रुती नावाची एक चुणचुणीत पोरगी गिऱ्हाइकाशी बोलता बोलता काचेपलीकडून हळूच तिच्याकडे बघत होती. पडद्याकडे नव्हे, तिच्याकडे. राजेश्वरीने बोटं मांडीखाली दाबून धरली. पोरगी 'एक मिनिट हां सर' म्हणाली, आणि चुकीचं पान उघडून, मग बरोबर पान उघडून, आपल्या शब्दांत सांगायला लागली. ते वाईट नव्हतं. राजेश्वरीला मात्र आपला हात कुणीतरी झटकल्यासारखं झालं. दुपारी डबा खाताना तिने विचार केला की हे चांगलं झालं का वाईट, आणि भाजी गार झाली.

कोपरखैरण्याला माथाडींच्या चाळवजा घरांत तिचं घर. वडील, हौसेराव, जावळीतून मुंबईला आलेले आणि मार्केट वाशीला आलं तसे इकडे आलेले. पाठीवरून गोणी जाऊन पंधरा वर्षं होत आली तरी हातांची सवय गेली नव्हती. घरात कुणी काही उचललं की त्यांचा हात आपोआप खालून लागे. सिलेंडर असो, पाण्याची कळशी असो, तिची लॅपटॉपची पिशवी असो. ती पिशवी खांद्याला लावून दाराबाहेर पडे आणि म्हातारा जिन्यापर्यंत खालून पिशवीला हात लावून चालत येई.

"दादा, सोडा आता."

"आगं मी कुटं धरलीया? नुसता हात हाय."

नुसता हात. तिला रोज राग यायचा. त्या दिवशी तिला हसू आलं आणि ते जिनाभर तिच्या सोबत आलं. हाच हात तिला आठवला, खूप पूर्वीचा. गावाकडे जाताना ते पाचगणीला उतरले होते, टेबल लँडच्या त्या उघड्या सपाट पठारावर वारा असा होता की आईने पदर दातांत धरला होता. तिला घोड्यावर बसवलं होतं. पुढे घोडेवाला दोरी धरून, बाजूला दादा, त्यांचा पंजा तिच्या गुडघ्यावर, फेरी संपेपर्यंत. घोडा घोडेवाल्याचा होता, गुडघा दादांचा होता, तिचं त्यात काही नव्हतं. पण काय सुख होतं! पाय लोंबत होते, खाली काहीतरी ऊबदार, मोठं, डुलत चाललं होतं, आणि तिने काहीही करायचं नव्हतं. नंतरच्या आयुष्यात तिला असं काहीही न करायला कुणी बसवलं नाही. धाकट्या भावाचं, स्वराजचं शिक्षण, आईचं आजारपण, आईचं जाणं, स्वराजचं लग्न, सगळ्याला ती खालून हात लावून उभी. कुणी जबरदस्ती केली नव्हती. हात आपोआप लागत गेला, आणि मग तो काढायचा कसा हे कुणी शिकवलं नाही.

स्वराजच्या लग्नाचा फोटो टीव्हीच्या वर लावलेला होता. धूळ झटकताना शेकडो वेळा बघितलेला. त्या शुक्रवारी संध्याकाळी ती चहाचा कप घेऊन समोर बसली आणि तिची नजर सहज वर गेली. घोडीवर स्वराज, मुंडावळ्यांच्या आडून घाबरलेला, दोन्ही हातांनी खोगीर आवळून धरलेलं. मागे करवली म्हणून ती स्वतः, नव्या शालूत, हातात दिवा आणि कलश. नवरदेवाच्या बहिणीने मागे उभं राहायचं असतं तशी. चौकटीच्या कडेला घोडी धरणाऱ्या माणसाचा अर्धा चेहरा, फोटोग्राफरने कापलेला. तिने कप खाली ठेवला. घोडीचे कान. एवढे बँडवाले, एवढे नाचणारे, पाठीवर हे साठ किलोचं राजबिंडं, पण घोडीचे दोन्ही कान त्या कापलेल्या अर्ध्या चेहऱ्याकडे लागले होते.

ती किती तरी वेळ बघत बसली. वरातीच्या घोडीच्या आयुष्यात मुख्य माणूस कधी मुख्य नसतोच. समोर मिरवणारा, हातवारे करणारा, पाठीवर बसलेला, ही सगळी शोभा. खरा शब्द येतो तो बाजूला उभ्या असलेल्या, कुणीच न बघणाऱ्या माणसाकडून. तो कुठे थांबतो, कधी वळतो, कधी श्वास सोडतो, यावर घोडीचा जीव. रिंगणात मुस्तफाभाई मधोमध उभे राहायचे ते नवरदेवाच्या जागी. आणि ती त्यांच्या खांद्यामागे, गप्प, सावलीतली. खारीकने काही चूक केली नव्हती. तिने आयुष्यभर शिकलेलं इमानाने केलं होतं. चूक त्यांची, शिकवणाऱ्यांची होती: ज्या जागी उभं राहिलं की बाकीचे घोडे माणसाला मानतात, त्या जागेला ही घोडी मानतच नव्हती.

"आपा," तिने फोन लावला, "मुस्तफाभाईंना मधून काढा. बाजूला उभं करा. वरातीत धरणारा उभा राहतो तसं, मानेजवळ. ती बाजूच्याचंच ऐकते."

सबिहाआपा म्हणाली, "बात तो सही है. पण वरात पूर्ण पाहिजे ना. पाठीवर कोणी नसेल तर तिला ते काम वाटणार नाही. आणि पाठीवरच्याने काय करायचं, माहितीय?"

"काही नाही."

"काहीच नाही. तुझ्या जागी मी दुसरं कोणी पण बसवलं असतं. पण ती तुझं सोडून त्यांचं ऐकायला पाहिजे, मग वर तूच पाहिजे."

शनिवारी ती स्कूटरवरून द्रोणागिरीला गेली. आपाने खोगीर घातलं, पण लगाम काढून घेतला आणि तिचे हात तिच्याच मांड्यांवर ठेवले. आपा स्वतः मानेजवळ उभी राहिली. खारीक पाऊल टाकायच्या आधीच तिचा डावा कान मागे वळला, राजेश्वरीकडे, नेहमीसारखा. काय करू? असं विचारणारा. आणि राजेश्वरीचं अंग उत्तर देऊन मोकळं झालं. तिला कळायच्या आत मांडी आवळली गेली होती. पुन्हा. या वेळी तिने स्वतःला गोठवून घेतलं, आणि घोडी जागच्या जागी खिळली. "थांबलीस म्हणजे पण बोललीसच ना," आपा म्हणाली. पुन्हा. सैल सोडून पाहिलं तर ती गोणीसारखी कलंडायला लागली आणि घोडीची पाठ दुखली असावी, तिने शेपूट झटकलं. इतके महिने तिला वाटत होतं की चांगली घोडेस्वारी म्हणजे कमीत कमी खुणेत जास्तीत जास्त बोलता येणं. तिने त्यात प्रगतीही केली होती; तिला ती जाणवत होती आणि तिचा तिला अभिमान होता. एका श्वासाने घोडी थांबे, नजर वळवली की वळे. आता आपा तिच्याकडे दुसरंच मागत होती. मेलेलं नाही, गोठलेलं नाही, घोडीबरोबर जिवंतपणे डुलणारं, पण मत नसलेलं शरीर. ते तिला त्या दिवशी आलं नाही. परतताना उरण फाट्यावर सिग्नलला थांबली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की हेल्मेटच्या आत आपण रडतोय. फार नाही, नुसतं पाणी. कारण तिला ठाऊक होतं आणि ते सांगायला सोपं होतं: घोडी वाचायला हवी होती, आणि घोडीने आपल्याला विसरायला नको होतं. दोन्ही तिला तितकंच हवं होतं.

रविवारी बाबासो आला. पांढरा सदरा, कपाळाला गंध, तोंडात तंबाखू. कठड्याला रेलून म्हणाला, "करा सुरू." ऊन पडलं होतं पण खाडीवरून वारा येत होता. कोर्सातले दोघे-चौघे लोक बांधावर बसले. आपाने राजेश्वरीला वर चढवलं आणि रिकिबीत पाय नीट बसवताना तिच्या घोट्यावर दोन बोटं ठेवून पुटपुटली, "आज तू सामान." मुस्तफाभाई मानेजवळ जाऊन उभे राहिले. त्यांना घाम फुटला होता. हातातला दोर त्यांनी सैल ठेवला होता, शिकवल्यासारखा.

"चल बेटा," ते म्हणाले आणि चालायला लागले. खारीक निघाली. डावा कान लगेच मागे.

राजेश्वरीने कानाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पहिला अर्धा फेरा ती कानाशिवाय दुसरं काही बघू शकली नाही. तांबूस, आतून पिकल्या पेरूसारखा गुलाबी, टोकाशी एक जुनी चीर असलेला कान. किती वेळा तिने तो बोटांनी चोळला होता. मग तिने नजर वर उचलली. गोदामांच्या पलीकडे बंदराच्या क्रेनची टोकं दिसत होती, बांधावर बगळे होते, आणि ती बघत राहिली. पाय रिकिबीत सैल लोंबू दिले. खाली काहीतरी ऊबदार, मोठं, डुलत चाललं होतं. गुडघ्यावर कुणाचा पंजा आहे असं क्षणभर वाटलं आणि तिने तो तिथे असू दिला. कंबर घोडीच्या पाठीबरोबर जात होती, श्वास जात-येत होता, त्याचं तो बघून घेत होता. एक फेरा झाला. मुस्तफाभाईंनी थांबायचं केलं, ते थांबले, आणि घोडी एक पाऊल जास्त टाकून थांबली. बाबासोने तंबाखू दुसऱ्या गालात सरकवली.

आता वळायचं होतं. घोडीला आपल्यापासून पलीकडे वळवायचं, म्हणजे तिच्या खांद्याकडे आपलं अंग न्यायचं. मुस्तफाभाई घाबरले की मागे सरत. तसे ते मागे सरले. खारीक गोंधळली. ती थांबली, तिचे खांदे ताठ झाले, मान वर गेली. उधळायच्या आधी घोडं असंच होतं. राजेश्वरीला ते खोगिरातून, मांड्यांतून, सगळ्या कातडीतून कळलं. आणि कान आला. डावा कान, सरळ मागे वळून तिच्यावर रोखला गेला. काय करू? सांग ना. इतकं स्पष्ट तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. उत्तर तिच्यापाशी होतं. उजव्या मांडीचा एक कण, एवढासा. कुणालाही, अगदी आपालाही दिसला नसता. घोडी वळली असती, मुस्तफाभाईंची लाज राहिली असती, बाबासो मान डोलावून गेला असता. आणि पुढच्या आठवड्यात श्रीवर्धनच्या वाडीत ही घोडी फाटकाकडे तोंड करून उभी राहिली असती, येणार नसलेल्या माणसाची वाट बघत.

राजेश्वरीने उत्तर दिलं नाही. अंग ताठ न करता, श्वास न धरता तिने प्रश्न नुसता तिच्यातून जाऊ दिला. काळीज तुटत होतं आणि कंबर सैल होती, हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं याचं तिला मागाहून नवल वाटलं. कान तिच्यावर रोखलेला राहिला. मग तो हलला. एकदा पुढे, एकदा मागे, मुठीत सापडलेल्या पाखरासारखा. आणि मुस्तफाभाईंच्या तोंडून, त्यांच्या त्या मोठ्या आवाजात नव्हे, घरात कुणी झोपलं असताना बोलतात तशा आवाजात निघालं, "माझं चुकलं हां. थांब. परत सांगतो." ते एक पाऊल पुढे आले, खांद्याकडे.

कान त्यांच्याकडे गेला. मग दुसराही गेला. मान खाली आली, आणि घोडी पलीकडे वळली, हळू, पाय एकमेकांवरून नीट टाकत. पाठीवर कुणी आहे याची तिला आठवण राहिली नव्हती. मुस्तफाभाईंनी हात खाली घेतला, दाब काढून घेतला, अगदी वेळेवर. खारीकने ओठ चाटले. पुढचे फेरे राजेश्वरीला नीट आठवत नाहीत. दुडकी चाल झाली, थांबणं झालं, मागे सरणं झालं. शेवटी दोर काढून टाकला तरी घोडी त्यांच्या कोपराजवळून चालत राहिली. राजेश्वरी वर बसून होती आणि सुखदुःखाच्या पलीकडचं वगैरे काही नव्हतं. सुख होतं आणि दुःख होतं, दोन्ही आपापल्या जागी.

"ऱ्हातीया," बाबासो पिंक टाकून म्हणाला. "न्या तुमी. पर फटाक्यापासनं लांब ठेवा." आणि कठड्यावरून हात घालून त्याने घोडीच्या कपाळावर एकदाच थोपटलं. तोही तिला बरीच वर्षं ओळखत होता.

राजेश्वरी खाली उतरली. सबिहाआपा जवळ आली, तिच्या पाठीला हात लावला आणि लगेच काढला. "इतके महिने शिकवतेय," ती म्हणाली, "आज बसलीस." राजेश्वरीने मान हलवली आणि खोगिराचा पट्टा सोडायला घेतला. बांधावरची माणसं टाळ्या वाजवून पांगली होती. मुस्तफाभाई छपराकडे पाणी प्यायला गेले होते. रुमालाने तोंड पुसत कुणाला तरी सगळं पहिल्यापासून सांगत होते. तिने खोगीर उतरवून कठड्यावर टाकलं. घोडीची पाठ घामाने ओली, गरम होती. तिने तळहाताने ती पुसली आणि तशीच उभी राहिली, थोडा वेळ, काही न मागता, पण खरं सांगायचं तर वाट बघत.

खारीक छपराकडे बघत होती. दोन्ही कान तिकडे. तिने पाय आपटला, मग हलक्याने फुरफुरली.

"मुस्तफाभाई," राजेश्वरीने हाक मारली, "जरा इकडे या. ही तुम्हाला शोधतेय."